फादर नाही, ब्रदर व्हायचंय म्हणतो

प्रश्न : मुलाची बारावी झाली, दिवाळीत अठरा पूर्ण होतील. लहानपणापासून अल्टर सर्व्हर (वेदीपाशी फादरच्या हाताखाली मदत करणारा), चर्चच्या प्रत्येक कॅम्पला हजर. आता म्हणतो मिशनरी ब्रदर व्हायचंय. आम्हाला वाटलं फादर, तर म्हणे नाही, ब्रदरच. तेव्हापासून मिस्टर त्याच्याशी धड बोलत नाहीत, त्यांचं म्हणणं सगळं सोडायचंच आहे तर निदान फादर तरी हो, हे अर्धवट कशाला? सासूबाई रोज रडतात. किती वर्षं लागतात, आत काय शिकवतात आणि मधेच नको वाटलं तर? – एक आई, वर्तकनगर, ठाणे

ताई, हे 'अर्धवट' मी माझ्या काकांच्या तोंडून ऐकलंय, कारण मी पण ब्रदर व्हायला गेलो होतो आणि साडेतीन वर्षांनी परत आलो (म्हणूनच बहुतेक संपादकांनी तुमचं पत्र माझ्याकडे सरकवलं). फादरच्या परीक्षेत नापास झालेला तो ब्रदर असं आपल्याकडे अजूनही लोकांना वाटतं. तसं नाहीये हो. फादरला गुरुदीक्षा मिळते, तो मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करतो, कन्फेशन म्हणजे लोकांची पापांची कबुली ऐकतो. ब्रदरचं ते कामच नाही, तो गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेऊन बाकी ब्रदरांबरोबर राहतो आणि शाळा, हॉस्टेल, दवाखाना, शेती, जिथं पाठवतील तिथं राबतो. मिस्टरांना वसईच्या गोन्सालो गार्सियाची आठवण करून द्या. भारतात जन्मलेला पहिला संत, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेला, १८६२ ला संतपद मिळालं, आणि तो फादर नव्हता, फ्रान्सिस्कन म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातला ब्रदर होता, आधी व्यापार करायचा आणि जपानी येत होतं म्हणून बाकीच्यांचा दुभाष्या झाला. आणि वसईपर्यंत तरी कशाला जायचं, १३२१ साली आपल्या ठाण्यातच जे चार फ्रान्सिस्कन मारले गेले त्यातला तिफ्लिसचा (आताचं जॉर्जियातलं तिबिलिसी) देमेत्रियुस पण ब्रदरच, आणि तोही दुभाष्याच! मला हा योगायोग फार आवडतो.

आता वर्षांचं. आधी 'कम अँड सी', म्हणजे आठ-दहा दिवस जाऊन नुसतं बघून यायचं, यात कोणी काही लिहून घेत नाही, तेव्हा एवढ्याला तरी पाठवाच. मग कॅंडिडेट, मग पोस्टुलंट, या आत राहून तयारी करायच्या पायऱ्या, प्रत्येक संस्थेत नावं आणि महिने थोडे वेगळे. खरी परीक्षा नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीची उमेदवारी, त्यातला तो नॉव्हिस. ते वयाची १७ पूर्ण झाल्याशिवाय नाही, कमीत कमी १२ महिने, आणि दोन वर्षांच्या वर ठेवायचं नाही असा चर्चचा कायदाच आहे. त्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर ते वर्ष धरतच नाहीत, तेव्हा मामेबहिणीच्या लग्नाच्या सगळ्या कार्यक्रमांना येईल हे विसरा. मग पहिली व्रतं, ती तात्पुरती, साधारण ३ ते ६ वर्षं, लागलंच तर ९ पर्यंत ओढतात. त्यानंतर आजीवन व्रतं, ती २१ च्या आत नाहीतच. मधे कॉलेज, बीएड, नर्सिंग, जे ठरेल ते. म्हणजे आठ-दहा वर्षं सहज गेली.

आत काय शिकवतात विचाराल तर प्रार्थना, बायबल, संस्थेचा इतिहास, व्रतांचा अर्थ हे सगळं वर्गात होतं, पण मला आठवतं ते भांड्यांचं. पहिले चार महिने माझ्याकडे मोठी पातेली होती, चाळीस जणांच्या भाताची, खाली लागलेली, आणि घरी मी कधी स्वतःचं ताट उचललेलं नव्हतं. पहाटे पाचला घंटा, रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मौन, फोन ऑफिसच्या कपाटात आणि रविवारी अर्धा तास हातात. सोबतची पोरं झारखंड, ओडिशा, तमिळनाडूची, मराठी बोलायला कोणी नाही. शेजारच्या खाटेवरचा मुलगा रात्री उशीत तोंड खुपसून रडायचा आणि मौन म्हणून मी त्याला काही बोलू पण शकायचो नाही, शेवटी त्याच्या उशाशी गुळाचा खडा ठेवायला लागलो. देवावर प्रेम आहे म्हणणं सोपं असतं हो, चाळीस अनोळखी माणसांबरोबर एका बाथरूमच्या रांगेत रोज उभं राहायचं तर घाम फुटतो.

मधेच नको वाटलं तर? नॉव्हिस कधीही निघू शकतो, संस्था पण त्याला घरी पाठवू शकते. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की पुढची न घेता निघता येतं. आजीवन व्रतांनंतर मात्र अवघड, मोठ्या संस्थांचा अर्ज थेट रोमला जातो. मी परत आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी 'हाकलला का रे' विचारलं होतं, आई त्यांना म्हणाली, 'बघून आला, आता जेवतोय.' बस, एवढंच.

मुलाला एक विचारा, कुठल्या संस्थेत? बोरिवलीच्या माउंट पॉयसरला १९०१ मध्ये सुरू झालेले फ्रान्सिस्कन मिशनरी ब्रदर्स किंवा मदर तेरेसांनी १९६३ ला कोलकात्यात काढलेले मिशनरीज ऑफ चॅरिटीचे ब्रदर, हे ब्रदरांचेच संघ. जेझुइट, सलेशियन, डिव्हाइन वर्ड यांच्यात फादर भरपूर आणि ब्रदर थोडे. तिथं 'तू फादर कधी होणार' हे आयुष्यभर ऐकायची तयारी पाहिजे. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, रोमची परवानगी असेल तर अशा संस्थेचा प्रमुख ब्रदर पण होऊ शकतो, असं केलं, पण लोकांच्या डोक्यातलं बदलायला वेळ लागतो, तुमच्या घरात बघताच आहात.

माझं मत विचाराल तर आधी ग्रॅज्युएशन करू दे. खरंच पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, असेल तर तीन वर्षांत पळून जात नाही.

प्रश्न : वय २६, ऐरोलीत आयटीमध्ये आहे. बाबांबरोबर होम लोन घेतलंय, अजून बरंच बाकी. ब्रदर होता येईल का? – एक वाचक, ऐरोली

वयाचं काही नाही, उलट नोकरी केलेला मुलगा संस्थांना आवडतो. अडचण लोनची आहे. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्याला आत घेऊ नये असा नियम आहे, आणि बरोबरच आहे, नाहीतर तुमची व्रतं आणि बाबांचे हप्ते असं होईल. बँकेशी बोला, बाबांशी त्याच्याही आधी. सोबत बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि अविवाहित असल्याचा दाखला लागेल, तो पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, ऑफिसमधून मिळतो.

प्रश्न : आमच्या मुलाच्या शाळेत ब्रदर शिकवतात. त्यांना पगार मिळतो का? (आम्ही ख्रिश्चन नाही, सहज विचारतोय.) – खारघर

मिळतो, पण हातात राहत नाही. जे कमावतील ते संस्थेचं, पेन्शनसुद्धा. टॅक्सवरून मोठी केस चालली होती, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर लोकांच्या पगारातून टीडीएस कापायचाच, पैसे नंतर संस्थेला जातात ही सबब चालणार नाही. स्वतःला काही लागलं तर मागून घ्यायचं. मी एकदा नव्या चपलेसाठी दीडशे रुपये मागितले तर आधी जुनीचा तुटलेला पट्टा नेऊन दाखवावा लागला होता, आणि तो बघून त्यांनी मला सुई-दोरा दिला.