मावशींनी पगार कमी सांगायला हवा होता का?

प्रश्न: कोथरूडला आमच्याकडे 22 वर्षं धुणंभांडी करणाऱ्या मावशी आता 67 वर्षांच्या आहेत. विधवा, एकट्याच राहतात. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनसाठी अर्ज केला, तीन घरांचा पगार खरा सांगितला, आणि अर्ज नामंजूर झाला. सरकारी पेन्शन घेणारे माझे सासरे म्हणतात, ‘कमी सांगायला काय झालं होतं?’ मी कमी पगाराचं पत्र लिहून देऊ का?

उत्तर: नका देऊ, ताई. उद्या चौकशी झाली तर हेलपाटे मावशींना पडतील.

पण तुमची तगमग अगदी रास्त आहे. या योजनेला वय 65 लागतं आणि वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत. म्हणजे महिन्याला 1750! दोन-तीन घरची भांडी घासली की पुण्यात एवढे होतातच. पेन्शन नाही म्हणून या वयात जिने चढायचे, आणि जिने चढता म्हणून पेन्शन नाही. सासऱ्यांना मात्र वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला की पुरतं; उत्पन्नाचा कुणी मागत नाही.

एक मात्र स्पष्ट बोलते. घरकाम करणाऱ्यांसाठीच्या घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा. मंडळात नोंदणी वयाच्या साठीच्या आत करायची असते आणि त्यासाठी काम देणाऱ्या घराचा दाखला लागतो. तेव्हा मावशी पन्नाशीच्या होत्या, तुमच्याच घरी होत्या. आमच्या घरीही कुणी असा दाखला दिला नाही. आमच्या बाई थकून गावी गेल्या त्या रिकाम्या हातांनी, आणि ते मला अजून सलतं.

आता तिन्ही घरं एकत्र बसा. मावशींना काम सोडायचं असेल, तर प्रत्येक घराने दरमहा 500 त्यांच्या खात्यावर टाकायचे, कामाशिवाय. वर्षाचे 18,000 होतात. मग उत्पन्नाचा नवा, खरा दाखला काढून तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत पुन्हा अर्ज करा. सोबत तुम्ही जा, बोलू द्या त्यांना. पोच घेतल्याशिवाय परतू नका. मंजुरी मिळाली तर महिना 1500 येतील. तेव्हाही तुमचे 500 थांबवू नका.

गुडघे किंवा डोळ्यांचं काही निघालं तर धर्मादाय रुग्णालय गाठा. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवाव्याच लागतात.

आणि हे सगळं मावशी मोरीत भांडी घासत असताना सांगू नका. हॉलमध्ये खुर्चीवर बसवा, आणि तुम्ही घेता त्याच कपबशीतून त्यांना चहा द्या.