'नोज आर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: महायुद्धांतल्या लढाऊ वैमानिकांवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'नोज आर्ट'ला (विमानाच्या नाकावर रंगवलेल्या चित्राला) 'नासिकाचित्र' आणि 'पर्सनलाइज्ड' विमानाला 'वैयक्तिकृत विमान' म्हटलं तर चालेल का?

दोन्ही नकोत. 'नासिका' संस्कृत स्तोत्रात शोभते. विमानाच्या पुढच्या टोकाला आपण साधं 'नाक' म्हणतो. शिवाय लढाऊ विमानाच्या बाबतीत नाकाचा आग्रहच चुकीचा आहे. नाकावर चित्रं रंगवण्याची पद्धत मुख्यतः अमेरिकी बाँबफेकी विमानांची. पहिल्या महायुद्धातल्या इटलीच्या फ्रान्चेस्को बाराका या वैमानिकाचा उधळलेला काळा घोडा विमानाच्या कुशीवर होता. बाराका मुळात घोडदळातला अधिकारी. जर्मन वैमानिक रिश्टहोफेननं 1917 मध्ये जवळजवळ अख्खं विमानच लाल रंगवलं. तिथे 'नासिकाचित्र' लिहिणार कसं?

माझ्या मते शब्द हवा 'निशाणी'. निशाण म्हणजे झेंडा आणि निशाणी म्हणजे ओळखीची खूण. इथे दोन्ही अर्थ एकत्र येतात. अर्जुन कपिध्वज, भीष्म तालध्वज: रथावरच्या निशाणावरून आत कोण आहे ते कळायचं. बाराकाचा घोडा नेमकं तेच काम करत होता.

मात्र प्रत्येक खुणेला निशाणी म्हणू नका. ब्रिटिश हवाई दलाच्या विमानावर गोल चिन्हाच्या एका बाजूला स्क्वाड्रनची (विमानांच्या तुकडीची) दोन अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला त्या विमानाचं एक अक्षर असे, ती 'संकेताक्षरं'. अनेक स्क्वाड्रन मिळून होणाऱ्या विंगच्या प्रमुखाला त्याऐवजी स्वतःची आद्याक्षरं लावायची मुभा होती. जेम्स एडगर जॉन्सनच्या स्पिटफायरवर 'जेई-जे' होतं. ही संकेताक्षरांच्याच जागी बसलेली, पण खरीखुरी निशाणी. पी-40 या अमेरिकी बनावटीच्या लढाऊ विमानावरचा शार्कचा जबडा नाकावर असला तरी एकट्याचा नव्हे, तो सगळ्या तुकडीचा. आणि बडोदा संस्थानचं नाव लावणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या 124व्या स्क्वाड्रनचं मुंगूस हे 'बोधचिन्ह'.

'वैयक्तिकृत'ऐवजी 'स्वतःची निशाणी असलेलं विमान' लिहा. नुसतं 'त्याचं विमान' लिहिलं तर मालकीचा भास होतो. विमान हवाई दलाच्या मालकीचं असे. वैमानिक रजेवर गेला की दुसरा तेच घेऊन जाई, आणि आपलं दुरुस्तीला गेलं की यालाही दुसऱ्याच्या विमानातून उडावं लागे. म्हणून 'नेमून दिलेलं विमान' हा प्रयोग अचूक. नाहीतर फोटोतल्या निशाणीवरून आत कोण बसलंय हे ठरवलं जातं आणि फोटोखालची ओळ चुकते.

अशा लेखांत 'किल'चं भाषांतर 'बळी' केलेलं आढळतं, तेही टाळा. हिशेब विमानांचा असे, माणसांचा नव्हे. पाडलेल्या विमानातला वैमानिक कित्येकदा हवाई छत्रीनं सुखरूप उतरे. '34 बळी' नको, '34 विमानं पाडली' लिहा.