रोमानियातले म्हणून रोमा?

प्रश्न असा आलाय की युरोपभर विखुरलेले, इंग्रजीत ज्यांना जिप्सी म्हणतात ते लोक रोमानियातले म्हणून त्यांना रोमा म्हणतात का, आणि मराठीत सरळ जिप्सी लिहिलं तर काय बिघडतं.

रोमानियाशी या नावाचं काहीच नातं नाही. त्या देशाचं नाव रोमन लोकांवरून पडलंय. रोमा ज्यातून आलं तो रोम हा शब्द मात्र आपल्या बाजूचा, संस्कृत 'डोम्ब' वरून आलेला, म्हणजे आपल्या डोंबारी शब्दाच्या घरातलाच. या लोकांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी इकडून पश्चिमेला गेले आणि बोलता बोलता ड चा र झाला, हिंदीवाले घोड़ा म्हणताना जीभ कशी वळवतात ते आठवा म्हणजे लगेच पटेल. हा र साधा नाही म्हणून रोमानियात बरेचजण तो दोनदा लिहितात, शिवाय देशाच्या नावाशी घोळही होत नाही. त्यांच्या भाषेत रोम म्हणजे पुरुष किंवा नवरा, रोमनी म्हणजे बायको, आणि रोमा हे अनेकवचन, त्यामुळे 'रोमाज' कृपया लिहू नका.

आता जिप्सी. हे लोक इजिप्तहून आले या गैरसमजातून इंग्रजांनी दिलेलं ते नाव. रोमानियातला शब्द वेगळा आहे, त्सिगान (त्स म्हणजे आपला चूल-चाकातला च). तिथे वालाकिया आणि मोल्दाविया या दोन राज्यांत रोमा लोक शेकडो वर्षं गुलाम होते, राजाचे, मठांचे, जमीनदारांचे, विकले जायचे, लग्नात आंदण दिले जायचे, ते पार १८५५-५६ पर्यंत, आणि त्या काळात त्सिगान म्हणजे गुलाम हाच अर्थ होता. तो अजून त्या शब्दाला चिकटून आहे. काही घरांत लोक स्वतःला आजही तेच म्हणवतात, तो त्यांचा हक्क, पण बाहेरच्याने तोंडावर म्हटलं की शिवीच लागते. १९७१ साली लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली तेव्हा बाहेरच्यांनी लादलेली नावं नाकारून रोम हेच नाव घेतलं गेलं, आणि निळ्या-हिरव्या झेंड्यावर लाल चाक आलं.

म्हणून मराठीत रोमा लिहा, भाषेला रोमानी, आणि देशाच्या भाषेला रोमानियन, या दोन्हींत गल्लत नको. रोमानीत पाण्याला पानी, नाकाला नाख म्हणतात हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, मला मात्र भाकरीचा शब्द जास्त आवडतो, 'मान्रो', संस्कृत मण्डकातून आलेला. त्याच मण्डकाचा आपला पुरणाचा मांडा.