मॅनी मल्होत्राने 991 सामन्यांत फक्त 116 गोल केले, तरी तो इतकी वर्षं कसा टिकला?

तुमचा प्रश्न असा आहे: भारतीय वंशाचा फॉरवर्ड, म्हणजे आक्रमक फळीतला खेळाडू, मॅनी मल्होत्रा एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आईस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये 991 सामने खेळला, पण गोल केले फक्त 116. गोल करणं हेच फॉरवर्डचं काम असेल तर संघांनी त्याला इतकी वर्षं ठेवलं कशासाठी? आणि आता तो काय करतो?

मी कॅनडातल्या व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीत राहतो. मल्होत्रा व्हँकुव्हर कनक्सकडून खेळत होता ती वर्षं मी मन लावून पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईस हॉकीत संघ सामन्याला साधारण बारा फॉरवर्ड घेऊन उतरतो, म्हणजे तिघा-तिघांच्या चार फळ्या. एक फळी पाऊण मिनिटभर जीव तोडून पळते आणि बाहेर येते, तोवर दुसरी आत गेलेली असते. गोल करायचे ते मुख्यतः पहिल्या दोन फळ्यांनी. तिसऱ्या-चौथ्या फळीकडे दुसरं काम असतं: समोरच्या संघातल्या सर्वांत धोकादायक खेळाडूंना अडवायचं, आणि आपला एखादा गडी शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसला की चौघांनी पाचांविरुद्ध किल्ला लढवायचा. मल्होत्राची बहुतेक कारकीर्द तिसऱ्या फळीचा सेंटर, म्हणजे तिघांतला मधला खेळाडू, म्हणून गेली. त्याला गोलांवरून तोलणं म्हणजे एकनाथ सोलकरला फक्त धावांवरून तोलणं. सोलकरने 27 कसोटींत 53 झेल घेतले, तेही बहुतेक फलंदाजाच्या नाकासमोर उभं राहून. त्याची किंमत धावफलकात कधी पुरती दिसलीच नाही.

पण मल्होत्राकडून सुरुवातीला अपेक्षा होती ती गोलांचीच. जन्म 1980 चा, टोरांटोजवळच्या मिसिसागाचा. वडील लाहोरला जन्मलेले, रसायनशास्त्रातले डॉक्टरेट, आई फ्रेंच-कॅनेडियन. 1998 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला सातव्या क्रमांकावर निवडलं आणि अठराव्या वर्षी थेट वरच्या संघात घेतलं. तो आईस हॉकीतला सर्वांत मोठा खेळाडू मानल्या जाणाऱ्या वेन ग्रेट्झकीचा शेवटचा हंगाम. ज्याच्यासारखं व्हावं असं कॅनडातल्या प्रत्येक पोराला वाटायचं, त्याच्याच ड्रेसिंग रूममध्ये हा अठरा वर्षांचा मुलगा बसत होता.

ऐकायला हे फार छान वाटतं, पण माझ्या मते तिथेच त्याचं नुकसान झालं. त्या वयात खेळाडूला रोज भरपूर खेळायला मिळायला हवं, चुका करायला मिळायला हव्यात. त्याला मिळाली मोजकी मिनिटं, तीही खालच्या फळीत. पुढची वर्षं कधी न्यूयॉर्क, कधी खालच्या एएचएलमधला हार्टफर्ड अशी गेली. 2000 साली हार्टफर्डने एएचएलचा काल्डर कप जिंकला तेव्हा तो त्या संघात होता. 2002 मध्ये त्याला डॅलसला पाठवलं. नोव्हेंबर 2003 मध्ये डॅलसने त्याला वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे ज्याला हवा त्याने न्यावा, बदल्यात आम्हाला कुणी खेळाडू नको. ड्राफ्टमध्ये पहिल्या दहात निवडलेला मुलगा तेविसाव्या वर्षी फुकट द्यायला काढला होता. बरेच जण इथेच संपतात. युरोपात दोन-चार वर्षं खेळतात आणि घरी परततात.

कोलंबस ब्लू जॅकेट्सने त्याला उचललं आणि 2009 पर्यंत तो तिथे राहिला. आपण दर हंगामात तीस गोल करणारे नाही, हे त्याने तिथे मान्य केलं असावं, कारण त्याचा खेळच बदलला. तो फेसऑफचा माणूस झाला.

फेसऑफ म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. खेळ थांबला की तो पुन्हा सुरू होतो फेसऑफने. दोन सेंटर समोरासमोर वाकतात, स्टिकचं पातं बर्फाला टेकवतात आणि लाइन्समन, म्हणजे सहायक पंच, मध्ये पक टाकतो. पक म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चकती. त्या काळच्या नियमाप्रमाणे पाहुण्या संघाच्या सेंटरने पातं आधी टेकवायचं, यजमानाने नंतर. निर्णय लागतो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. चांगला सेंटर पकची वाट पाहत नाही, तो लाइन्समनच्या हाताकडे पाहत असतो. खालचा हात स्टिकवर बराच खाली सरकवलेला, कंबर इतकी वाकलेली की हेल्मेटला हेल्मेट लागेल. पक पडला की कुणी आधी समोरच्याची स्टिक उचलतो, कुणी पातं उलटं करून पक सरळ मागे आपल्या बचावपटूकडे ओढतो, तर कुणी नुसतं अडकवून धरतो आणि पायाने मागे सरकवतो.

आता ही झटापट तुमच्या स्वतःच्या गोलपासून काही पावलांवर चालली आहे, शेवटचा मिनिट आहे आणि तुम्ही एका गोलने पुढे आहात असं समजा. हरलात तर पक समोरच्याच्या नेमबाजाकडे जातो आणि दुसऱ्या क्षणी गोलवर फटका बसतो. जिंकलात तर पक तुमचा, बाहेर काढा आणि वेळ संपवा. अशा वेळी प्रशिक्षक ज्याला आत पाठवतो तो संघातला सर्वांत विश्वासाचा माणूस असतो, मग त्याच्या नावावर गोल किती का असेनात.

2010 मध्ये कनक्सने त्याला तीन वर्षांसाठी 75 लाख डॉलरला घेतलं ते याचसाठी. प्रशिक्षक अलँ व्हिन्यो यांची योजना साधी पण धाडसी होती. संघात डॅनियल आणि हेन्रिक हे जुळे सेडिन भाऊ होते, अफाट आक्रमक. फेसऑफ समोरच्याच्या गोलजवळ असला की सेडिन आत. आपल्या गोलजवळ असला की मल्होत्रा आत. घाम गाळायची कामं सगळी याच्याकडे, त्यामुळे ते दोघे ताजेतवाने राहून तिकडे गोल करायला मोकळे. त्या हंगामात डॅनियल 104 गुणांसह (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून) लीगमध्ये पहिला आला, कनक्सने साखळी सामन्यांच्या गुणतक्त्यात पहिला क्रमांक मिळवला आणि मल्होत्राने साठ टक्क्यांहून जास्त फेसऑफ जिंकले. पन्नासच्या वर असला तरी सेंटर चांगला समजतात, त्यावरून अंदाज करा. डॅनियलच्या त्या 104 गुणांत मल्होत्राचा वाटा आहे असं मी आजही मानतो, जरी तो कुठल्याही तक्त्यात लिहिलेला नाही.

16 मार्च 2011 ला, कोलोरॅडोविरुद्ध, दिशा बदलून आलेला पक त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. तेव्हा वायझर, म्हणजे हेल्मेटला लावलेली डोळ्यांपुढची पारदर्शक पट्टी, सक्तीचा नव्हता. नव्याने लीगमध्ये येणाऱ्यांना तो सक्तीचा झाला 2013-14 पासून. शस्त्रक्रिया झाल्या आणि या हंगामात तो पुन्हा खेळणार नाही असं संघाने जाहीर केलं. इथे सगळ्यांना काळजी होती ती डोळा वाचेल का याची, खेळण्याचं नावही कुणी काढत नव्हतं.

आणि 4 जूनला, स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, बोस्टनविरुद्धच्या अंतिम फेरीतल्या दुसऱ्या सामन्यात, चेहरा पूर्ण झाकणारं कवच लावून तो बर्फावर उतरला. त्या क्षणी स्टेडियममध्ये जो आवाज उठला तो गोल झाल्यावर उठतो त्याहून मोठा होता. टीव्हीसमोर माझे डोळे भरून आले होते. तो सामना ॲलेक्स बरोजने जादा वेळेच्या अकराव्या सेकंदाला गोल करून जिंकून दिला. कप मात्र मिळाला नाही. बोस्टनने सातवा, निर्णायक सामना आमच्याच घरात 4-0 ने जिंकला.

दृष्टी पूर्ण परतली नाही. 2013 च्या सुरुवातीला संघाचे व्यवस्थापक माइक गिलिस यांनी, असं खेळणं त्याच्यासाठी धोक्याचं आहे म्हणून, त्याला उरलेल्या हंगामासाठी थांबवलं. निर्णय कठोर होता, पण मला तो माणुसकीचा वाटतो. बाजूने येणारा धक्का दिसलाच नाही तर या खेळात माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो.

मल्होत्राला मात्र संपायचं नव्हतं. 15 वर्षांपूर्वी सातव्या क्रमांकावर निवडला गेलेला हा खेळाडू 2013 च्या शरद ऋतूत एएचएलच्या शार्लट चेकर्सकडे चाचणीच्या करारावर गेला, जो करार सहसा विशीतली धडपडणारी पोरं करतात. थोड्याच दिवसांत कॅरोलायनाने त्याला वर बोलावलं. एका डोळ्याने कमी दिसणारा माणूस पुन्हा एनएचएलमध्ये फेसऑफ घेऊ लागला, आणि अर्ध्याहून जास्त जिंकू लागला. त्यानंतर एक हंगाम माँट्रियल, आणि 991 वर आकडा थांबला. हजार सामने झाले की खेळाडूला चांदीची स्टिक देतात. ती नऊ सामन्यांनी हुकली याची हळहळ मला त्याच्या गोलसंख्येपेक्षा कितीतरी जास्त वाटते.

आता तो काय करतो? प्रशिक्षक झाला. आधी कनक्सचा सहायक, मग 2020 ते 2024 टोरांटो मेपल लीफ्सचा. 2024 मध्ये तो कनक्सच्या एएचएल संघाचा, ॲबट्सफर्डचा, मुख्य प्रशिक्षक झाला. हे गाव माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर, आणि आजूबाजूला पंजाबी वस्ती मोठी. पहिल्याच वर्षी, जून 2025 मध्ये, त्याच्या संघाने काल्डर कप जिंकला. अंतिम फेरीत हरवलं ते त्याला एकेकाळी चाचणीवर घेणाऱ्या शार्लटला. त्या विजेत्या संघात अर्शदीप बेन्स हा व्हँकुव्हरजवळच्या सरेचा पंजाबी फॉरवर्ड होता, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं. वरच्या फळीत जागा नसेल तर संघात जागा कशी कमवायची, हे अशा मुलाला शिकवायला मल्होत्रापेक्षा लायक माणूस मला तरी माहीत नाही.