वाचकांचे प्रश्न : लफबरोच्या घंटा

इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यातलं लफबरो हे बाजाराचं गाव. चर्चच्या घंटा ओतणारा टेलर यांचा कारखाना १८३९ पासून इथे आहे. या वेळी निवडलेले प्रश्न या गावाचे आणि घंटावादनाचे आहेत.

मुलगी लफबरोच्या विद्यापीठात शिकते. तिच्याकडे गेलो असताना रविवारी चर्चच्या घंटा पाऊण तास वाजत होत्या, पण चाल अशी लागलीच नाही. नुसता स्वरांचा क्रम बदलत होता. हे काय वाजवतात? (वाचक, नाशिक)

तुम्ही नेमकं ऐकलंत. क्रम बदलणं हीच ती कला. तिला ‘चेंज रिंगिंग’ म्हणतात.

कारण घंटेच्या टांगणीत आहे. प्रत्येक घंटेच्या आडव्या तुळईला एक मोठं लाकडी चाक असतं आणि दोर त्या चाकावरून खाली येतो. वाजवण्याआधी घंटा झोके देत देत तोंड वर करून उभी करतात. मग एका ओढीत ती पूर्ण वर्तुळ फिरते, एकदा वाजते आणि पुन्हा तोंड वर करून थांबते. पुढच्या ओढीला उलट दिशेने तेच. अशा एका फेरीला दोनेक सेकंद लागतात. शेकडो किलोंचा धातू एकदा सुटला की मध्येच आवरता येत नाही. फार तर वरच्या टोकाला क्षणभर तोलून धरायचा, नाहीतर थोडा लवकर सोडायचा. म्हणून पुढच्या ओळीत (सगळ्या घंटा एकेकदा वाजल्या की एक ओळ) घंटा फक्त शेजारणीशी जागा बदलू शकते. एवढ्यात गाण्याची चाल बसत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या वादकांनी या अडचणीतूनच नवी रचना काढली.

चार घंटा घ्या. सगळ्यात उंच स्वराची १, खर्जाची ४. सुरुवात १२३४. मग २१४३, २४१३, ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४. इथून सरळ पुढे गेलात तर पुन्हा १२३४ येतं आणि आठ ओळींत खेळ संपतो. म्हणून १३२४ नंतर पहिल्या दोन घंटा जागेवर ठेवतात आणि शेवटच्या दोन बदलतात : १३४२. तिथून तीच आठ ओळींची अदलाबदल पुन्हा धरायची. अशा तीन आवर्तनांत चार घंटांचे सगळे २४ क्रम येतात, एकही दोनदा न येता. कागदावर मांडून पाहा, हातात बसलं की सोडवत नाही.

सहा घंटांचे क्रम ७२०, सातांचे ५०४०, आठांचे ४०,३२०. ५०४० क्रम वाजवायला सुमारे तीन तास लागतात, एवढ्या लांबीच्या वादनाला ‘पील’ म्हणतात. तुम्ही ऐकलंत ते पाऊण तासाचं होतं, म्हणजे बहुधा साडेबाराशे क्रमांच्या आसपासचा ‘क्वार्टर पील’, म्हणजे पाव पील, असावा. आठ घंटांचे सगळेच्या सगळे ४०,३२० क्रम सलग वाजवले गेले ते याच गावात, टेलर कारखान्याच्या मनोऱ्यात, जुलै १९६३ मध्ये. आठ वादक, कुणीही बदली नाही, वेळ १७ तास ५८ मिनिटं. समोर कागद ठेवायची रीत नाही. आपल्या घंटेची वाट प्रत्येकाने पाठ केलेली असते.

लेस्टरला नोकरी करते. वय ४८. ख्रिस्ती नाही. मला शिकवतील का? आणि ताकद किती लागते? (वाचक, लेस्टर)

बहुतेक मनोऱ्यांत शिकवतात, श्रद्धेची अट सहसा नसते आणि शिकवणी साधारणपणे फुकट असते. आठवड्यातून एका संध्याकाळी सराव असतो. आधी निरोप देऊन जा.

ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं, भार चाक आणि तोल सांभाळतात. पहिले काही तास शिक्षक शेजारी उभे राहतात आणि लोलक बांधून ठेवतात, म्हणजे गावाला तुमच्या चुका ऐकू जात नाहीत. नुसता दोर सांभाळायला साधारण दहा ते पंधरा तास जातात.

दोराला एका जागी रंगीत लोकरीचा जाड गोंडा विणलेला असतो. दोराचं शेवटचं टोक डाव्या हातात ठेवून दोन्ही हातांनी गोंडा धरायचा, खाली ओढायचा आणि कमरेपाशी आला की सोडायचा. तो वर जातो, टोक धरलेले हात त्याच्याबरोबर डोक्यावर जातात. मग टोकाने ओढ द्यायची. गोंडा परत खाली आला की धरायचा.

गडबड होते ती गोंडा सोडायला उशीर झाल्यावर. घंटा आपल्याला वर खेचते. दुसरी चूक म्हणजे फार जोर लावणं. घंटा तोलाच्या पलीकडे जाऊन तिच्या आधाराच्या दांड्यावर आदळते. हा दांडा अ‍ॅश लाकडाचा असतो. तो मोडेल असाच ठेवतात, म्हणजे बाकीची चौकट वाचते. मोडल्याचा आवाज आला तर दोर सोडा आणि मागे सरका. धरून ठेवणारा वर ओढला जातो. ओढणी किंवा मफलर घालून जाऊ नका, आणि कुणी सांगितल्याशिवाय लोंबता दोर हातात घेऊ नका. वरची घंटा तोंड वर करून उभी असू शकते.

या घंटांचा धातू कोणता? सूर लावतात कसा? (वाचक, चिपळूण)

तांबं सुमारे ७७ टक्के, कथील २३. म्हणजे आपलं काशाचंच प्रमाण. साच्याच्या मातीत वाळू, चिकणमाती, बकऱ्याचे केस आणि घोड्याची लीद कालवतात. तंतू जळून बारीक वाटा राहतात आणि ओतताना वायू त्यांतून निघून जातो. ही वाट नसेल तर धातूत बुडबुडे अडकतात.

ओतलेली घंटा मुद्दाम थोडी जाड आणि सुराने चढी ठेवतात. मग उभ्या लेथवर फिरवून आतून धातू कातत सूर उतरवत आणतात. जास्त कातलं तर काढलेला धातू परत येत नाही, म्हणून काम सावकाश चालतं. एका घंटेत पाच प्रमुख स्वर जुळवावे लागतात. मधल्यांपैकी एक कोमल गंधाराच्या जागी असतो, आणि मोठ्या घंटेच्या नादातली उदासी मला त्याचीच वाटते. कारखान्याने ही पंचस्वरी जुळवणी १८९६ पासून अंगीकारली. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलची सोळा टनांहून जड ‘ग्रेट पॉल’ त्याआधीची, १८८१ ची, इथेच ओतलेली.

क्वीन्स पार्कमधल्या उंच मनोऱ्यातही घंटा आहेत. तेही हेच का? (वाचक, पुणे)

नाही. तो कॅरिलॉन आहे, १९२३ साली पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी उभारलेला. ४७ घंटा जागेवर पक्क्या, फक्त लोलक हलतात. एकच वादक लाकडी दांड्यांच्या कळफलकावर मुठीने आणि पायांनी वाजवतो, त्यामुळे इथे हवी ती चाल वाजते. उद्घाटनासाठी इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गार यांनी खास रचना लिहिली होती.

टेलरच्या घंटा आपल्याकडे आहेत का? (वाचक, डोंबिवली)

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आठ आहेत, १९०४ च्या. पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यातही आठ. १८९० च्या चहाच्या ग्रामण्यामुळे मराठी वाचकाला माहीत असलेलं ते हेच मिशन. पाहायचं असेल तर आधी परवानगी घ्या. वर गेलात तर लोलकाला दोरी बांधून ओढू नका. एरवी लोलक आदळून लगेच सुटतो, दोरीने तो घंटेला टेकून राहतो आणि तिला तडा जातो. तडा गेलेली घंटा डाग लावून सहज दुरुस्त होत नाही. खास वेल्डिंग करावं लागतं, नाहीतर वितळवून पुन्हा ओतावी लागते.