तुमचे प्रश्न : घरच्या घरी अभंगाचं रेकॉर्डिंग

प्रश्न : आमचं पाच जणांचं भजनी मंडळ आहे, दोघं गाणारे, एक पेटी, एक पखवाज आणि टाळ. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची डबी) आणि एक कंडेन्सर माइक घेतलाय. हॉलमध्ये एकत्र बसून रेकॉर्ड केलं तर नुसते टाळच ऐकू येतात आणि गाणं लांबून आल्यासारखं वाटतं. प्रत्येकाचं वेगवेगळं रेकॉर्ड करावं का? – एक वाचक, सातारा

सगळं वेगळं करू नका, मनापासून सांगतो. अभंग शेवटाकडे चढत जातो, गजराला लय वाढते आणि ती पखवाजवाला आणि गाणारा एकमेकांकडे बघून वाढवतात. मेट्रोनोमच्या टकटकीवर एकेकाला एकटं बसवलं तर सगळे सूर-ताल बरोबर येतील पण भजन राहणार नाही. फक्त टाळ मात्र नंतर घ्या. टाळांचा आवाज तीक्ष्ण असतो आणि तो एकदा गळ्याच्या माइकात शिरला की मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, काहीही करा, निघत नाही, कारण गळ्यातले स, श आणि टाळांची किणकिण एकाच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात बसतात, एक कापलं की दुसरं पण कापलं जातं.

तर असं करून बघा. ओळखीतल्या कोणाकडून तरी एक साधा डायनॅमिक माइक आणा, कार्यक्रमात स्टेजवर असतो तोच. तो मुख्य गायकाच्या तोंडापासून चार-पाच बोटांवर ठेवा. कंडेन्सर पेटी आणि पखवाजच्या मधे, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, आणि त्याची पाठ गायकाकडे. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो, त्याचा हा फायदा फुकट मिळतो तो घ्या. पेटीच्या भात्याकडून माइक लावू नका, भात्याचा करकर आवाज आणि हवा येते. कंडेन्सरला ४८ व्होल्ट फँटम पॉवर (इंटरफेसमधून माइकला मिळणारी वीज) लागते, डायनॅमिकला लागत नाही. हे तिघं एका दमात रेकॉर्ड करा, मग दुसऱ्या फेरीत टाळकरी आणि मागून म्हणणारे हेडफोन लावून त्यावर वाजवू-गाऊ देत, माइकपासून सहा-सात फूट लांब बसून. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत, नाहीतर त्यातला आवाज परत माइकात येतो.

आणि दुसरा माइक मिळालाच नाही तर? तर बसायची जागा हेच तुमचं मिक्सिंग. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा माइक नव्हताच, एक भोंगा होता, जो जितका जवळ तितका मोठा. विजेचा माइक रेकॉर्डिंगला आला १९२५ च्या सुमाराला. एक माइक घेऊन बसलात तर तुम्हीही तेच करायचं, गायक माइकपासून हातभर, पेटी त्याच्या मागे, पखवाज अजून मागे, टाळ दारापाशी, आणि तार सप्तकात जाताना गायकाने स्वतः थोडं मागे सरकायचं. दहा मिनिटं रेकॉर्ड करा, ऐका, माणसं हलवा, परत ऐका. अर्धा दिवस यात गेला तरी चालेल.

गाणं लांबून येतंय ते हॉलमुळे. खाली फरशी, समोर उघडी भिंत, तिथे एक टाळी वाजवून बघा, मागून टणत्कार आला तर ती खोली गाण्याची नाही. गादी आणि कपड्यांचं कपाट असलेली झोपायची खोली बरी, खाली सतरंजी, गायकाच्या मागे दोन गोधड्या टांगा, कोपऱ्यात बसू नका कारण तिथे खर्ज फुगतो. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिजमध्ये गाडीची किल्ली ठेवा म्हणजे घरी जाताना तो चालू करायचं विसरणार नाही.

सुराचं काम सगळ्यात आधी. पेटी लगेच सुरात मिळवता येत नाही, जुन्या पेट्या थोड्या वर-खाली असतात, म्हणून तानपुऱ्याचं अ‍ॅप पेटीच्या सा ला बारीक फिरवून लावा आणि पखवाज पण त्याच सा ला. पखवाजच्या धुम्याची (खर्जाच्या बाजूची) कणीक सुकत जाते तसा आवाज बदलतो, त्यामुळे दर दोन अभंगांनंतर बघा, नाहीतर पहिला आणि चौथा टेक जोडताना दोन वेगळे पखवाज वाटतात. माझ्या एका रेकॉर्डिंगचा अख्खा दिवस यात वाया गेलाय.

लेव्हल ठरवताना सगळ्यांना शेवटचा गजर म्हणायला लावा, पहिली ओळ नको. गजराला मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहिला पाहिजे. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर हळू आवाजात रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, पण फाटलेला आवाज शिवता येत नाही.

प्रश्न : मिक्स करताना पेटी आणि गळा एकमेकांत मिसळून जातात. गळा वाढवला की पेटी गायब, पेटी वाढवली की शब्द कळत नाहीत. – एक वाचक, पुणे

दोघांची जागा एकच आहे म्हणून. गळ्याला अजून चढवण्यापेक्षा पेटीच्या ईक्यूमध्ये (आवाजाचा एखादाच पट्टा कमी-जास्त करायची सोय) १ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरवा, शब्द तिथेच असतात. पुरुषाच्या गळ्याखाली ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, तिथे फक्त पायाची धमधम आणि रस्त्यावरच्या गाड्या असतात. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) ३:१ ला ठेवून तीन-चार डेसिबलच दाबा, जास्त दाबलंत तर श्वास आणि खोलीचा गुंजारव वर येतो. त्याआधी फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हाताने खाली-वर करून एकेक ओळ सांभाळा, कंटाळवाणं आहे पण ओळीतला भाव त्यानेच राहतो. आणि खरं उत्तर पेटीवाल्याकडे आहे, गायक शब्द म्हणत असताना त्याने सूर धरून ठेवायचा आणि ओळ संपली की भरायचं. चांगले साथीदार हे करतातच.

मिक्स झाला की मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. त्यात पखवाजचा धुमा जवळपास ऐकूच येत नाही. तो वाढवत बसू नका, थाप आणि चाटीच्या (कडेच्या) वरच्या आवाजाला थोडं उचला म्हणजे ठेका कळतो.

प्रश्न : मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) करून गाणं अपलोड केलं तर इतर गाण्यांपेक्षा आवाज हळू वाटतो. लिमिटर (आवाजाची टोकं दाबून बाकीचं मोठं करणारं साधन) अजून लावू का? – एक वाचक, नागपूर

नको. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप) आणून वाजवतं, तुम्ही लिमिटरने उणे ८ पर्यंत ठोकलंत तर ते सहा डेसिबल खाली आणणार आणि पखवाजची थाप मात्र चपटी झालेली तशीच राहणार. यूट्यूब मोठं गाणं खाली आणतं, पण हळू गाणं वर उचलत नाही, म्हणून तिथे तुमचं हळू वाटत असेल. उणे १४ च्या आसपास राहा, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, आणि अपलोड करायला वेव्ह फाइल द्या, एमपी३ नको. एवढं करूनही बारीक वाटलं तर मास्टरिंग बंद करून मिक्स उघडा, बहुतेक वेळा खर्जात काहीतरी फुगलेलं असतं आणि तेच मीटर खात असतं.