न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांचं मत संशोधनात कसं घ्यावं?

प्रश्न: सांगलीत एमएसडब्ल्यू (समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी) करतेय. विषय आहे स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना शाळेतलं काय आवडतं. चार मुलं बोलत नाहीत. त्यांच्याऐवजी आयांच्या मुलाखती घेतल्या तर चालेल का?

उत्तर: आयांशी जरूर बोला, पण ते 'आईचं म्हणणं' म्हणून वेगळं नोंदवा. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं नसतं.

पहिल्या दोन-तीन भेटींत काहीच विचारू नका, नुसतं सोबत बसा. आईला आणि वर्गातल्या बाईंना वेगवेगळं विचारा, 'हा नको कसं म्हणतो?' कोणी कार्ड ढकलतं, कोणी कान झाकतं, कोणी उठून दाराशी जातं. हात फडफडवणं हा एकाचा आनंद असतो, तर दुसऱ्याची घालमेल. म्हणून प्रत्येक मुलाच्या खुणा लिहिलेला कागद वेगळा हवा.

बाजारची चित्रं नकोत. त्याच्याच शाळेतला झोपाळा, त्याचाच डबा, तो येतो तीच रिक्षा यांचे फोटो काढा. पोस्टकार्डाएवढे ठेवा आणि मॅट लॅमिनेशन करा; चकचकीतवर ट्यूबलाइट चमकते आणि मूल ती चमकच बघत बसतं. एका वेळी अशी दोनच कार्डं समोर ठेवा आणि कुठलं आवडतं ते विचारा. विचारलं की मनात पंधरापर्यंत मोजा. बहुतेकांचं इथंच चुकतं. शांतता सोसवत नाही, प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सगळी उत्तरं उजव्या कार्डालाच आली तर ती आवड नव्हे, हाताची सवय. जागा बदलून तोच प्रश्न विचारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आधी उत्तर माहीत असलेले दोन-चार प्रश्न घेऊन बघा: आवडता खाऊ की रिकामी ताटली? 'थांब'चं कार्ड कायम हाताशी असू द्या. त्यानं ते दिलं की त्याच क्षणी थांबा, नाहीतर पुढच्या वेळी त्याचा त्या कार्डावर विश्वास बसणार नाही.

मनगट किंवा कोपर धरून कोणी अक्षरांवर बोट ठेवायला मदत करत असेल, तर ते उत्तर मुलाचं धरू नका. मूल आणि मदतनीस यांना वेगवेगळी चित्रं दाखवून चाचण्या झाल्या, तेव्हा उत्तरं मदतनिसानं पाहिलेल्या चित्राची आली. अमेरिकेतल्या वाचा-भाषातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय.

पालकांची सही लागतेच, पण मुलाची तयारी दर भेटीला त्याच्या कागदावरच्या खुणांवरून नव्याने बघा. परवानगी असेल तर मोबाइल तिवईवर लावून चित्रण करा आणि ते बघून तुम्ही आणि आणखी एकानं, एकमेकांना न विचारता, नोंदी करा. जिथे दोघांचं जुळत नाही किंवा मूल गप्प राहिलं, तिथे 'उत्तर मिळालं नाही' असंच लिहा, 'नको' असं लिहू नका.